मसाई मारानंतर समुद्रकिनारा

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, दोन मुले व सासूबाई केनियात मसाई माराची सफारी करणार आहोत. शेवटी दोन दिवस समुद्रकिनारी राहावे का?

उत्तर : दोन दिवस अपुरे आहेत, निदान चार ठेवावेत, कारण रोज पहाटे उठून जीपचे हादरे सोसलेल्या सासूबाईंचा पहिला दिवस विश्रांतीतच जाईल. मोम्बासाच्या दक्षिणेचा डिआनी किनारा मला सर्वांत सोयीचा वाटतो : प्रवाळाच्या बांधामुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात, आणि माराहून लहान विमाने जवळच्या उकुंडाला जातात. मात्र त्यांत सामानाची मर्यादा सहसा १५ किलो असते व बॅगा मऊच लागतात, तेव्हा फराळाचे पत्र्याचे डबे घरीच राहू द्यावेत. ओहोटीला पाणी बरेच मागे सरते, म्हणून पोहण्याची वेळ भरती पाहूनच ठरवावी. नोव्हेंबरात सरी येतात, पण एप्रिल-मेइतका पाऊस नसतो.

पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस घ्यावी. प्रमाणपत्राविना भारतात परतल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. सासूबाई साठीपुढच्या असतील, तर लशीबाबत आधी डॉक्टरांना विचारावे, आणि किनाऱ्यावरील हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचाही सल्ला त्याच वेळी घ्यावा.