नागपुरात ‘काऊन बोंबलून राह्यला बे’ म्हणतात, ही शिवी आहे का?

शिवी नाही, ‘का एवढा ओरडतोयस’ एवढाच अर्थ, काऊन म्हणजे का, आणि आम्ही इकडे ‘ओरडतोय’च्या जागी ‘ओरडून राह्यला’च म्हणतो. सीताबर्डीच्या गर्दीत कोणी फोनवर जोरात बोलला की सोबतचा दोस्त हमखास हेच म्हणणार. मूळ शब्द बोंब, होळीला तोंडावर उलटा हात मारत काढतात ना तो आवाज. पण दरवेळी ओरडणंच असेल असं नाही, ‘पाण्याची बोंब आहे’ म्हणजे पाण्याचे हाल, ‘काम बोंबललं’ म्हणजे फिसकटलं, ‘कुठं बोंबलत फिरून राह्यला’ म्हणजे नुसता उंडारतोय (हे आईच्या तोंडी जास्त). फक्त मोठ्या माणसाला बोंबलणं आणि ‘बे’ दोन्ही लावू नका, तिथं ‘ओरडू नका ना जी’ म्हणायचं.