शाळेच्या बाजूने हात वर व्हायला हवेत

प्रश्न : बाई, आम्ही मानखुर्दला राहतो. वस्तीमागचा मोकळा भूखंड शाळेसाठी राखीव आहे असं सगळेच सांगतात, पण तिथे टेम्पो उभे असतात. माझी मुलगी पहिलीत आहे. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता ओलांडून तिला शाळेत जावं लागतं. माझी नणंद कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे नव्या प्राथमिक शाळेच्या पैशासाठी मतदान झालं, तेव्हा तिने दारोदार फिरून लोक गोळा केले. आम्ही काय करू शकतो? समोरच्या सोसायटीतले म्हणतात, शाळा आली की गर्दी वाढेल, आणि आमची मुलं कुठे महापालिकेच्या शाळेत जातात?
— एक आई, मानखुर्द

उत्तर : नणंदेच्या राज्यात शाळेसाठी कर्जरोखे काढायचे तर लोकांचा कौल घ्यावा लागतो. २००० सालापासून ठरावीक अटी पाळल्या तर त्याला ५५ टक्के मतं पुरतात, आणि ते कर्ज तिथल्या लोकांच्याच घरपट्टीतून फिटतं. मुंबईत असं मतदान नाही. इथे हात वर करायचे ते नगरसेवकांनी, शिक्षणाच्या ‘ई’ अर्थसंकल्पावर. त्यात तुमच्या शाळेसाठी तरतूद व्हायला हवी. दारोदार फिरणं मात्र इथेही चुकत नाही.

आधी आरक्षणाची खात्री करा. सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे भूखंडाचा सरकारी दप्तरातला क्रमांक मिळवून डी.पी. रिमार्क काढा; विकास आराखड्यात तो भूखंड कशासाठी दाखवलाय, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. २०३४च्या विकास आराखड्यात महापालिका शाळेचं आरक्षण ‘आर.ई. १.१’ असं दाखवतात. मग माहितीच्या अधिकारात विचारा की जागेचा ताबा कोणाकडे आहे. ताबा महापालिकेकडे नसेल तर आधी भूसंपादनाचा पाठपुरावा करावा लागेल; इमारतीचे पैसे त्यानंतर.

आता वही. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा पटनोंदणीला आम्ही घरोघर जायचो. तशीच वही तुम्ही करा. मुलाचं नाव, जन्मतारीख, सध्याची शाळा, चालत लागणारा वेळ आणि शेवटचा रकाना : सोडायला कोण जातं? हा रकाना नीट भरा. दोन घरची धुणीभांडी करणारी आई रोज दोन वेळा रस्ता ओलांडून पोराला सोडते-आणते, तेव्हा तिचं तिसरं घर सुटतं. पोरगं थोरल्या बहिणीच्या हाती दिलं, की तिची शाळा बुडते. शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्या राज्यातल्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी असं म्हटलंय. तुमच्या वहीतल्या किती मुलांना ती तेवढ्यात मिळते, ते मोजा. नुसत्या सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा हा आकडा नगरसेवकाच्या जास्त कामाचा असतो, कारण तो त्याला सभागृहात मांडता येतो.

वहीत माध्यमही लिहा. तुमच्या भागात मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी सगळंच लागतं, आणि ‘शाळा कुठल्या माध्यमाची’ या वादात माणसं फुटतात. मला या वादाची फार धास्ती वाटते. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं चालवणं महापालिकेला नवीन नाही. मागणीही तशीच करा, म्हणजे सगळे बरोबर राहतील.

सोसायटीतल्या लोकांवर रागावू नका, त्यांच्याकडे जा. ज्यांची घरं ५०० चौरस फुटांपेक्षा मोठी आहेत, त्यांना मालमत्ता कराचं बिल काढायला सांगा. त्यात ‘महापालिका शिक्षण उपकर’ वेगळा दाखवलेला असतो. म्हणा, “काका, शाळेसाठी पैसे तुम्ही भरताच आहात, त्यातले थोडे आपल्याकडे खर्च व्हायला नकोत का?” त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांची, वॉचमनची मुलं त्याच वहीत असतील, तीही दाखवा. गर्दीचा आक्षेप मात्र खरा समजून उत्तर द्या : वस्तीतली मुलं चालत येतील, बसगाड्यांची रांग लागणार नाही. शाळेचं फाटक आतल्या गल्लीकडे असावं हे निवेदनातच लिहा आणि त्यावर सोसायटीच्या अध्यक्षांची सही घ्या. सोसायटीची आणि वस्तीची सही एकाच कागदावर असली की तो कागद बाजूला सारणं अवघड जातं.

अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात, म्हणजे आकडे त्याआधीच ठरू लागतात. गणपती उठले की फिरायला लागा आणि दिवाळीच्या आत निवेदन द्या : नगरसेवकाला, तुमच्या भागाच्या म्हणजे महापालिकेच्या एम-पूर्व विभाग कार्यालयाला आणि शिक्षण विभागाला. तिन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.