लातूरकडच्या शेतकऱ्याला तुरीतून खरंच पैसा सुटतो का?

तुम्ही विचारलंय की दुकानात तूरडाळ एवढी महाग, मग पिकवणाऱ्याच्या हातात काय पडतं. मी निलंगा तालुक्यातला, घरी तूर दरवर्षी असतेच, म्हणून लिहितो.

आमच्याकडं नुसती तूर फार कमी जण पेरतात, सोयाबीनमध्ये पट्टा टाकतात, सहा-आठ तास (म्हणजे ओळी) सोयाबीन आणि मग एक-दोन तास तुरीचे. त्यामुळं मशागत, खत, पेरणी हा खर्च बराचसा सोयाबीनच्या नावावर जातो, तुरीला वेगळं लागतं ते थोडं बियाणं, अळीच्या दोन-तीन फवारण्या आणि काढणी-मळणीची मजुरी. एकरी तीन-चार क्विंटल निघाली आणि क्विंटलला साडेसात हजारानं गेली तर साडेबावीस ते तीस हजार होतात. आकडा लहान वाटेल, पण हा पैसा जानेवारीत येतो, तेव्हा सोयाबीनची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती, म्हणजे तिचे पैसे) कृषी दुकानाची उधारी फेडण्यातच संपलेली असते. पावसानं सोयाबीन गेलं तरी तूर बऱ्याचदा तग धरते, मुळं खोल असतात तिची. शिवाय तुराट्या चुलीला आणि कुडाला, भुसकट जनावरांना, आणि पाला गळून रानात असा थर पडतो की पुढच्या पिकाला जमीन भुसभुशीत मिळते. हे कुठल्या पट्टीवर लिहून येत नाही.

खरं दुखणं भावाचं आहे. 2024 मध्ये तूर क्विंटलला दहा हजाराच्या वर गेली, सगळ्यांनी उत्साहानं पेरली, आणि 2025 च्या सुरुवातीला नवा माल आला तेव्हा हमीभाव 7550 असताना बाजारात त्याच्याही खाली. 2021 पासून म्यानमार, आफ्रिकेकडून बिनशुल्क तूर येतेय, भाव चढायला लागला की आयात, पडला की शेतकरी बघून घेईल, हे मला अजिबात पटत नाही. हमीभाव केंद्रावर द्यावी तर आधी ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट, आणि मीटरवर ओलावा 12 टक्क्यांच्या वर दाखवला की ट्रॅक्टर माघारी. ज्याला लग्नकार्य किंवा दवाखाना आहे तो थांबत नाही, आडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाकडं, देऊन मोकळा होतो.

नफा पुढं डाळ मिलमध्ये आहे. क्विंटलभर तुरीची साधारण 70 किलो डाळ होते, वर चुणीही (डाळीचा चुरा) पशुखाद्याला विकली जाते. आमच्या तालुक्यातल्या बोरसुरी गावच्या तूरडाळीला 2024 मध्ये जीआय (त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन) मिळाला, अभिमानच आहे, पण आडतीवर बोरसुरीची तूर आणि बाकीची तूर एकाच ढिगात पडते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल आहे तशी गटानं घेऊन, डाळ करून, ओळखीच्या गिऱ्हाइकाला थेट देणाऱ्याला त्या नावाचा फायदा होतो, बाकीच्यांना नाही.

तुम्ही स्वतः पेरणार असाल तर मध्यम जमिनीत बीडीएन 711 हे वाण घ्या, लवकर निघते आणि मर (झाड वाळून जाण्याचा रोग) कमी लागते. आणि सगळी तूर जानेवारीतच विकू नका, वाळवून निम्मी तरी घरात ठेवा.