बदल केलेल्या गाड्यांचा ताफा पाचगणीला नेताना

प्रश्न : आम्ही पुण्यातील पंधरा मित्रांनी आपापल्या गाड्यांत हौसेने बदल करून घेतले आहेत. एका रविवारी सर्वांनी मिळून पाचगणीला जाण्याचे ठरले असून आयोजन माझ्याकडे आले आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : सर्वप्रथम कागदपत्रे पाहावीत, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रंग बदलला असल्यास त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर हवी. कर्णकर्कश सायलेन्सर बसवलेल्या मित्राला मूळ सायलेन्सर लावून यायला सांगावे. तो रुसला तरी चालेल.

पंधरा गाड्यांची एकच माळ करू नये. पाच-पाचचे तीन गट करून ते दहा मिनिटांच्या अंतराने सोडावेत, प्रत्येक गटाच्या पुढे व मागे रस्ता माहीत असलेला चालक ठेवावा आणि वाईत सर्वांनी पुन्हा एकत्र यावे. खरी परीक्षा पुढे पसरणी घाटात आहे. तेथे चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते, म्हणून परतताना उतरणाऱ्यांनी थांबण्याची तयारी ठेवावी. स्प्रिंग कापून खाली बसवलेल्या गाडीचे पोट गतिरोधकावर खरवडते. ती गटात दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी, म्हणजे तिच्या वेगाचा अंदाज पुढच्याला आरशातूनच येईल. शर्यतीची भाषा करणाऱ्याला मात्र सरळ वगळावे.