वाचकांचे प्रश्न : ‘रोमँटिक वॉरियर’ ऐकताना

प्रश्न : आपल्या सदरातील शिफारशीवरून ‘रिटर्न टू फॉरएव्हर’ या अमेरिकन जाझ-रॉक वाद्यवृंदाची ‘रोमँटिक वॉरियर’ ही ध्वनिमुद्रिका तीन वेळा ऐकली. वादकांची तयारी थक्क करणारी आहे, परंतु ऐकून झाल्यावर एकही सुरावट मनात रेंगाळली नाही. मला ही बोटांची कसरत वाटली. माझ्या मुलाला मात्र ती अतिशय प्रिय आहे. आमच्यापैकी कोणाचे चुकते आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपला आक्षेप नवा नाही. १९७६ साली ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली तेव्हापासून जाझच्या अनेक जुन्या रसिकांनी तो घेतला आहे. उलट, प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत) ऐकत ऐकत जाझकडे आलेल्या श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतले आणि या वाद्यवृंदाची सर्वांत जास्त खपलेली ध्वनिमुद्रिका हीच ठरली. आपल्या घरातला मतभेद त्यामुळे जवळपास पन्नास वर्षे जुना आहे.

आक्षेपात तथ्य आहे, हे मी आधीच मान्य करतो. ‘मेडीव्हल ओव्हर्चर’ या पहिल्याच रचनेत द्रुत स्वरावल्यांचा असा काही मारा होतो की, पहिल्या ऐकण्यात वेगाखेरीज दुसरे काही हाती लागत नाही. अल् डी मेओला यांच्या गिटारच्या ताना मलाही काही ठिकाणी नुसत्या तयारीच्या वाटतात. परंतु या वेगाकडे आपण आपल्या मैफलीतल्या तानेप्रमाणे, म्हणजे त्या क्षणी सुचलेली गोष्ट म्हणून पाहतो, आणि तिथे आपली फसगत होते. गिटार आणि सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे पट्ट्यांचे वाद्य) ज्या ओळी एकत्र वाजवतात त्या आधी बांधलेल्या आहेत. ती बंदिश आहे, आणि उपज तिच्या मधल्या मोकळ्या जागांत आहे. ही सीमारेषा कानाला एकदा दिसू लागली की त्याच ओळी नंतर कोठे परत येतात, कोणते वाद्य त्या उचलते आणि कोणते सोडते, हे कळू लागते आणि सुरावट रेंगाळू लागते. मला स्वतःला यासाठी तीनपेक्षा बरीच जास्त आवर्तने करावी लागली.

आणखी एक विनंती करतो. ध्वनिमुद्रिकेला जिचे नाव दिले आहे ती तिसरी रचना एकटीच ऐकावी. सुमारे अकरा मिनिटांच्या या रचनेत विजेवर चालणारे एकही वाद्य नाही : चिक कोरिया साधा पियानो वाजवतात, स्टॅन्ली क्लार्क उभा डबल बेस, डी मेओला साधे गिटार आणि लेनी व्हाइट ड्रम्स. सिंथेसायझरचा झगमगाट काढून घेतल्यावर मागे काय उरते, याचे उत्तर कोरियांनी ध्वनिमुद्रिकेच्या मध्यावरच ठेवलेले आहे. पियानोची पट्टी हलकेच दाबल्यावर उमटणारा आणि जोराने दाबल्यावर उमटणारा, असे दोन वेगळे सूर इथे स्वच्छ ऐकू येतात. हे ऐकूनही मन कोरडे राहिले, तर ही ध्वनिमुद्रिका आपल्यासाठी नाही असे समजावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न : मी पेटी शिकते. पेटीच्या दोन पट्ट्यांमधला सूर काढता येत नाही, म्हणून तिच्यावर मींड येत नाही, असे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते. मग याच ध्वनिमुद्रिकेत पट्टीच्या वाद्यावर मींड कशी ऐकू येते? की ते गिटारच आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या कानाने बरोबर पकडले आहे. तो मिनीमूग नावाचा सिंथेसायझर आहे. १९७० साली बाजारात आलेल्या या वाद्याला ४४ पट्ट्या असतात आणि ते एका वेळी एकच सूर देते, म्हणजे आपल्या बासरीसारखे. पट्ट्यांच्या डाव्या बाजूला दोन छोटी चाके असतात. त्यांतले एक चाक पुढे-मागे केले की वाजत असलेला सूर तुटल्याशिवाय वर किंवा खाली सरकतो. उजव्या हाताचे बोट पट्टीवर, डाव्या हाताचा अंगठा चाकावर, अशी ही मींड असते. गंमत अशी की, मिनीमूगची पट्टी कितीही जोराने दाबली तरी सूर मोठा होत नाही. सुराचा आघात वादकाच्या हातून गेलेला असतो, म्हणून तो सारा भाव चाकावरच्या अंगठ्यात आणावा लागतो. कोरियांचा एखादा लांब सूर हेडफोन लावून ऐका : तो नेमक्या जागी थेट येत नाही, खालून सरकत येऊन टेकतो आणि मग हलकेच कंप पावतो. गायकाचा सूर लागतो तो तसाच.

गिटारपासून त्याला वेगळे ओळखण्याची माझी खूण सुराच्या आरंभाशी आहे. गिटारच्या सुराला सुरुवातीस नखीचा बारीकसा खट् असा आवाज असतो. मिनीमूगचा सूर गुळगुळीत उगवतो. दोन्ही वाद्ये एकच ओळ वाजवत असतील तेव्हा मात्र मीही चुकतो. आपला पेटीवादक गायकाच्या मागून, किंचित सावलीसारखा चालतो. इथे दोघांना एकाच क्षणी पाऊल टाकायचे असते, आणि दोन सुरांची मिळून तिसरीच एक जात तयार होते.

घंटेसारखा गोलसर आवाज येतो तो फेंडर ऱ्होड्स या विद्युत पियानोचा. त्यात छोटे हातोडे धातूच्या काड्यांवर पडतात, म्हणून तिथे बोटाचा जोर पुन्हा ऐकू येतो.

प्रश्न : मात्रा मोजायला बसतो आणि दर वेळी चुकतो. कोठून सुरुवात करावी? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : शेवटच्या ‘ड्युएल ऑफ द जेस्टर अँड द टायरंट’पासून मुळीच करू नये, तिथे चाल इतक्या वेळा बदलते की सरावलेला श्रोताही गडबडतो. लेनी व्हाइट यांची ‘सॉर्सरेस’ ही दुसरी रचना आधी घ्यावी. ती ड्रमवादकाने केलेली आहे आणि तिचा ठेका पायाला लगेच सापडतो. पहिल्या वेळी कीबोर्डकडे लक्ष न देता केवळ क्लार्क यांच्या बेसच्या मागे जावे, दुसऱ्या वेळी ड्रम्सच्या, आणि कोरियांकडे तिसऱ्या वेळी वळावे.