१०२४×७६८ वर अडकलेली स्क्रीन: कार्ड बदलण्याआधी केबल बघा

सर, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी नको.

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. जिंतूर तालुक्यातल्या शाळेला देणगीत जुना पीसी मिळाला. त्यात स्क्रीनवर चित्र पाठवणारं जीफोर्स २१० कार्ड आहे, २० इंची मॉनिटर व्हीजीए केबलनं जोडलाय, वर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम. मॉनिटर १६००×९०० चा, पण सेटिंगमध्ये १०२४×७६८ च्या पुढे काही येतच नाही. कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून बघितला, तो बसला नाही. परभणीच्या दुकानात सांगितलं की लिनक्सवर हे कार्ड चालत नाही. आणि मुलांना मराठी धडा वाचताना अक्षरं फताडी दिसतात.

फताडी दिसणारच. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या काचेवर ताणलं की गोलसुद्धा उंचीपेक्षा एक तृतीयांशानं जास्त रुंद होतो. त्यात आपल्या लिपीला फटका जास्त, कारण शिरोरेषेच्या वरचा सगळा बारीक संसार आधी पुसट होतो. ‘सर्वांना’ या शब्दातला रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग उरतो. नुकतं वाचायला शिकणाऱ्या पोरानं त्यातून काय ओळखायचं? म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

कंपनीच्या ड्रायव्हरचा नाद आता सोडा. या कार्डासाठी एनव्हिडिया या कंपनीची ३४० ची ड्रायव्हर मालिका होती, तिचं काम २०१९ मध्येच थांबलं. नव्या कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ती बसवणं म्हणजे दर अपडेटला नवं दुखणं. तुमच्यासाठी नूवो हाच ड्रायव्हर. कंपनीकडून माहिती मिळत नसताना लोकांनी कार्डाचं वागणं तपासत तपासत तो लिहिला, आणि २०१० पासून, म्हणजे २.६.३३ पासून, तो कर्नलमध्येच येतो. त्या माणसांचं ऋण मी मनापासून मानतो. गेममध्ये तो मंद पडतो हे खरं, पण त्याचा रिझोल्यूशनशी संबंध नाही. १६००×९०० तो आरामात देतो.

मग अडलंय कुठं? दोनच जागा आहेत. एक तर नूवो चालूच झालेला नाही, नाहीतर मॉनिटरनं आपलं माप संगणकाला कळवलेलं नाही. आधी हे ठरवा, मगच कशाला हात लावा. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या.)

टर्मिनलमध्ये ‘इन्क्सी -जी’ चालवा, यातला जी मोठ्या लिपीतला. ड्रायव्हरपुढे नूवो दिसलं तर ठीक. ‘एलएलव्हीएम-पाइप’ दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय आणि कार्ड बाजूला बसलंय. दुसरी खूण ‘एक्सरँडर’ ही आज्ञा दाखवते त्या यादीत सापडते. मापांच्या जागी एकच माप आणि पोर्टच्या जागी ‘डिफॉल्ट’ किंवा ‘नन-१’ असलं नाव आलं, तर बहुधा ड्रायव्हर झोपलेलाच आहे. पोर्टचं नाव नीट ‘व्हीजीए-१’ आहे आणि खाली १०२४×७६८, ८००×६००, ६४०×४८० अशी उतरती यादी आहे, तर ड्रायव्हर जागा आहे, मॉनिटरच मुका आहे. माप कळलं नाही की कर्नल १०२४×७६८ पर्यंतचीच बिनधोक मापं पुढे करतो. त्यामुळे तुमचा आकडा वाचल्यावर माझा पहिला संशय केबलवर गेला.

तरी ड्रायव्हरची बाजू तपासून घ्या, कारण तुम्ही कंपनीचा ड्रायव्हर टाकून बघितलाय. तो काढला तरी मागे खुणा राहू शकतात. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये ‘ब्लॅकलिस्ट नूवो’ अशी ओळ राहिली असेल तर ती काढा, ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा आणि मशीन परत चालू करा. ‘/ईटीसी/एक्स११’ मध्ये ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ पडली असेल तर तिचं नाव बदलून ठेवा. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ मध्ये ‘नोमोडसेट’ आहे का तेही बघा. मिंट बसवायच्या यूएसबीवरचा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ हाच शब्द वापरतो, आणि व्हिडिओ बघून लोक तो ग्रबमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स उठवणाऱ्या प्रोग्रामात, कायमचा टाकून ठेवतात. तो असेपर्यंत नूवो उठणार नाही.

आता मॉनिटरची बाजू. प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते. तिच्यात कमीत कमी १२८ बाइटचा एक तक्ता असतो, ईडीआयडी म्हणतात त्याला. मॉनिटर कोणाचा, कोणती मापं चालतात, असली माहिती त्यात असते. व्हीजीए केबलमधून हा तक्ता १२ आणि १५ नंबरच्या पिनेवरून येतो. रंग वेगळ्या तारांतून जातात. म्हणून या दोन तारा नसल्या तरी चित्र दिसतं, आणि केबलवर कोणाला शंका येत नाही.

तक्ता आला की नाही हे असं मोजा: ‘कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी’. नव्या कर्नलवर ‘कार्ड०’ ऐवजी ‘कार्ड१’ असू शकतं. उत्तर १२८ किंवा २५६ आलं तर तक्ता पोचला. शून्य आलं तर वाटेत हरवला. इथं एक चकवा आहे: ‘एलएस -एल’ नं बघितलं तर ही फाईल नेहमीच शून्य बाइटची दिसते, म्हणून ती वाचूनच मोजायची.

अंबाजोगाईच्या एका वाचनालयात माझे दोन रविवार यातच गेले. १४४०×९०० चा मॉनिटर होता. उबंटू, डेबियन, मिंट, तिन्ही टाकून बघितली, दर वेळी १०२४×७६८. शेवटी शेजारच्या टेबलावरची केबल काढून लावली आणि पूर्ण स्क्रीन भरली. जुन्या केबलचं डोकं मी ब्लेडनं कापलं. पिना पंधराच्या पंधरा होत्या, पण १२ आणि १५ च्या मागे तारच जोडलेली नव्हती. म्हणून नुसतं पिनांकडे बघून खात्री धरू नका. बघायच्याच असतील तर प्लगचं तोंड स्वतःकडे आणि रुंद बाजू वर करून धरा. खालच्या ओळीतली डावीकडून दुसरी पिन १२ नंबरची, शेवटची १५ ची. ९ नंबरची पिन नसणं चालतं, त्याची काळजी नको.

तेव्हा आधी चालू असलेल्या दुसऱ्या मशीनची केबल लावा. मध्ये एक्स्टेन्शन, स्विच किंवा कन्व्हर्टर असेल तर तोही काढा, तक्ता तिथंही अडतो. कार्डाला आणि मॉनिटरला दोन्हीकडे डीव्हीआय (व्हीजीएनंतरची डिजिटल जोडणी) असेल तर तीच वाट धरा, चित्रही जास्त स्वच्छ येईल.

केबल बदलूनही शून्यच आलं तर मॉनिटरची चिप गेली समजा. तरी मॉनिटर टाकायचा नाही, माप आपण सांगायचं. मशीन चालू होताना ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘व्हिडिओ=व्हीजीए-१:१६००x९००एम@६०’ जोडा आणि एफ१० दाबा. यातला ‘एम’ मोठ्या लिपीत, बाकी कर्नल पोर्टला जे नाव देतो ते जसंच्या तसं. हे एका बूटपुरतंच असतं. स्क्रीनवर ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर मशीन बंद करून परत चालू करायचं, काही बिघडत नाही. नीट चाललं की तेच ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मधल्या ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणात टाका आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. बरेच जण यासाठी ‘एक्सरँडर’ची ‘न्यूमोड’ची युक्ती सांगतात. ती चालते, पण फक्त त्या खात्यापुरती, आणि वेलँड या स्क्रीनवर चित्र मांडायच्या नव्या पद्धतीवर चालतच नाही. शाळेच्या मशीनवर पाच जणांची खाती असतात, म्हणून कर्नललाच सांगितलेलं बरं.

हीच अडचण १९२०×१०८० च्या मॉनिटरवर डीव्हीआयनं येत असेल त्यांच्यासाठी: तिथं ‘एम’च्या जागी ‘एमआर’ लिहा. साध्या हिशेबानं त्या मापाला १७३ मेगाहर्ट्झ लागतात आणि सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ आहे. ‘आर’ लावला की १३८.५ मध्ये भागतं.

सर, केबल बदलायच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही बाइटचे आकडे इथं टाका. ‘एक्सरँडर’ची यादीही जोडा, पुढचं त्यावरून सांगतो.