ग्राहक कंपनी दिवाळखोरीत गेली, आमच्या थकलेल्या बिलांचं काय?

केस टाकू नका, क्लेम टाका. तुमची १६ लाखांची बिलं थकवणाऱ्या कंपनीवर बँकेच्या अर्जावरून एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ ची स्थगिती लागली. आता कंपनीवर नवा दावा लावता येत नाही आणि जुनाही पुढे सरकत नाही. किमान एक कोटीच्या थकबाकीची अट ऐकून अनेक पुरवठादार गप्प बसतात, पण ती अट प्रक्रिया सुरू करायचा अर्ज देणाऱ्याला आहे. क्लेम कितीही रकमेचा चालतो.

मी लघुउद्योगांचे हिशेब बघतो. पुरवठादाराच्या क्लेमच्या 'फॉर्म बी'ला नुसती बिलं जोडली की भागलं, असं लोकांना वाटतं. पण रिझोल्यूशन प्रोफेशनल (या प्रक्रियेत कंपनीचा कारभार बघणारा आणि क्लेम तपासणारा माणूस) कंपनीचं लेजर समोर ठेवून पडताळणी करतो. 'माल कमी भरला' म्हणून त्यांनी कधीतरी डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याची नोंद) टाकलेली असते आणि तुमच्या खात्यात तिचा पत्ताच नसतो. तेवढी रक्कम तिथेच अडकते. म्हणून प्रत्येक बिलामागे पीओ (खरेदीची ऑर्डर), गेटचा शिक्का असलेलं डिलिव्हरी चलन आणि बाकी मान्य केल्याची ईमेल लावा. जाहीर सूचनेतली तारीख चुकवू नका. कंपनी सावरण्याची योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात नसलेली येणी संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

मिळेल किती? खरं सांगायचं तर फार आशा धरू नका. धनकोंच्या समितीत मत असतं ते बँका आणि वित्तसंस्थांना. ६६ टक्के मतांनी योजना ठरते. पुरवठादाराला कंपनी मोडीत काढल्यावर मिळालं असतं तेवढं तरी द्यावंच लागतं, पण त्या क्रमवारीत आपण तारण असलेल्या बँका, कामगार, सरकारी देणी या सगळ्यांच्या मागे. तो आकडा बहुतेकदा शून्यच निघतो. बँकेकडे तारण होतं, व्याज होतं. तुम्ही विश्वासावर बिनव्याजी उधारी दिलीत आणि तुम्हालाच मत नाही, हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे.

रागाच्या भरात पुरवठा मात्र बंद करू नका. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर दिलेल्या मालाचे पैसे प्रक्रियेचा खर्च धरले जातात आणि सगळ्यांच्या आधी, पूर्ण चुकते होतात. त्यासाठी रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या सहीचा नवा पीओ घ्या, नवी बिलं वेगळ्या खात्यात ठेवा. तुमच्या मालकीच्या डाय किंवा मोल्ड तिथे असतील तर त्या लगेच लेखी मागा. त्या कंपनीची मालमत्ता नाहीत.

चेक बाउन्स झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रक्रियेआधीच चेक परत आला असेल, नोटीस गेली असेल आणि नोटीस पोचून १५ दिवसही उलटले असतील, तर सही करणाऱ्या संचालकावर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली खटला चालू शकतो. स्थगितीचं संरक्षण कंपनीला आहे, त्याला नाही. या तारखा घेऊन आजच वकिलाला भेटा, कारण तक्रारीची मुदत महिनाभराचीच असते.